दोन पंज्यांचा धडा

११ जानेवारी

आलं एकदाचं! छापखान्याच्या माणसाने सकाळी गठ्ठे व्हरांड्यात आपटले आणि सहीसाठी कागद पुढे केला. मी आधी गठ्ठा फोडला, सही नंतर. 'सिस्टर, घाबरू नकोस'. खाली छोट्या अक्षरांत: गौरम्मा हूगार, शिक्षिका, परिचारिका प्रशिक्षण केंद्र, कलमल्ली. शहाण्णव पानं. ओल्या हातांनी धरलं तरी फुगणार नाही असा कागद. कोपऱ्याला भोक पाडून दोरी ओवली आहे, प्रसूतीच्या खोलीत खिळ्याला टांगायला. ती दोरी माझी कल्पना. छापखानेवाला म्हणाला होता, "अहो मॅडम, पुस्तक आहे की पंचांग?" म्हटलं, पंचांग तरी लोक उघडून बघतात.

एकतीस वर्षं मी उपकेंद्रांच्या पोरींना शिकवते आहे. इंग्रजी जाडजूड पुस्तकं कपाटात शोभेला. पोरी त्यांच्यावर डबे ठेवतात. आपल्या कन्नडात, आपल्या बोलीत, पोरीशी बोलल्यासारखं एक तरी पुस्तक असावं म्हणून दोन वर्षं घासली.

पान सदतीस पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. गरोदर बाईला झटके आले तर मॅगसल्फचं इंजेक्शन किती द्यायचं, हे पोरींच्या डोक्यात कधीच राहत नाही. ग्रॅम म्हटलं, टक्के म्हटलं, की चेहरे पांढरे. म्हणून मी चित्रच काढून घेतलं. दोन पंजे. या हाताची पाच बोटं म्हणजे पाच कुप्या उजव्या कुल्ल्यावर, त्या हाताची पाच डाव्यावर. झाले दहा. मग गाडी बोलवा आणि बाईला आमच्या इस्पितळात पाठवा. याहून सोपं जगात काही नसेल.

आमच्या इस्पितळातल्या बाळंतपणाच्या डॉक्टर तबस्सुम यांनी मसुदा वाचला होता. तीसेक वर्षांची पोरगी, पण हुशार. म्हणाली, "मॅडम, कुपी हे काही माप नाही. शेजारी ग्रॅम लिहा."

म्हटलं, "बारा वर्षं एकच निळ्या पट्टीची कुपी येते आहे, बाई. ग्रॅम तुम्ही डॉक्टर लोक खा."

ती हसली नाही. पण मीही ग्रॅम घातले नाहीत.

१६ जानेवारी

संक्रांतीचे तीळगूळ अजून खिशात होते पोरींच्या. चाळीस जणींचा वर्ग. मी मध्येच ओरडले, "सिस्टर, बाईला झटका आला!" आणि चाळीस जणींचे ऐंशी पंजे वर! अंगावर काटा आला माझ्या. एकतीस वर्षांत असा वर्ग मी पाहिला नाही.

हुल्लीकेरी उपकेंद्राची निंगम्मासुद्धा चुकली नाही. ही निंगम्मा माझीच विद्यार्थिनी. प्रश्न विचारला की आधी ओढणीचं टोक चावणार, मग उत्तर देणार, तेही पोटातल्या पोटात. कंत्राटावर आहे, दर मार्चला नूतनीकरण होतं की नाही म्हणून जीव टांगणीला. आज तिचे पंजे सगळ्यांत आधी वर होते. जाताना माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, मला पहिल्यांदा वाटलं की मलासुद्धा जमेल."

दुसरं एक पान तिला फार आवडलं. त्यात मी लिहिलंय, इंजेक्शनच्या रिकाम्या कुप्या बाई घरी जाईपर्यंत फेकू नका, तोच तुमचा साक्षीदार. म्हणाली, "हे बरं केलंत. आमचं तोंडी कोण खरं मानतं?"

२ फेब्रुवारी

प्रकाशन झालं. मंत्री आले, दोन तास उशिरा का होईना. शाल, हार, फोटो. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी भाषणात म्हणाले, "आमच्या गौरम्मा मॅडमनी डॉक्टरांचं काम केलं." डॉक्टर तबस्सुम मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मनापासून वाजवत होती, खोटं कशाला बोलू.

सकाळी मात्र वैताग. मी हारांची मोजदाद करते आहे, खुर्च्या कमी पडताहेत, आणि भांडारातला ईरण्णा एक खोकं काखोटीला मारून माझ्यामागे हिंडतोय. "अक्का, मॅगसल्फचा नवा माल आलाय. हिरव्या पट्टीचा. उद्यापासून उपकेंद्रांना जाईल. तुम्ही जरा बघता का, यावर..."

"औषध तेच ना?"

"औषध तेच, पण..."

"मग पट्टी हिरवी असो नाहीतर जांभळी. ईरण्णा, आज माझ्या मुलीचं लग्न आहे असं समज आणि जा. उद्या बघू."

गेला बिचारा खोकं घेऊन. प्रत्येक गोष्टीत 'पण' काढायची खोडच आहे त्याला.

२० फेब्रुवारी

अजून दोन जिल्ह्यांची मागणी आली. दोन हजारांची नवी आवृत्ती निघणार. रात्री नवऱ्याला म्हटलं, निवृत्तीनंतर माणसाचं नाव उरतं ते असं. तो म्हणाला, "आधी भाकरी उरली आहे का ते बघ." मेल्याला कशाचं कौतुक नाही.

९ मार्च

हुल्लीकेरीची एक मुलगी गेली. यल्लव्वा नाव. एकोणीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना. सकाळी उपकेंद्रात डोकं दुखतं म्हणून आली आणि तिथेच झटका. निंगम्माने इंजेक्शन दिलं, गाडी बोलावली. वाटेत पुन्हा झटका, आणि इस्पितळाच्या फाटकात तिसरा. तबस्सुमच्या हाती आली तेव्हा श्वासात घरघर होती. दुपारी संपली. बाळही.

तिची आई फाटकाजवळ मातीत बसून होती. रडत नव्हती. मुलीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

मला जेवण गेलं नाही.

११ मार्च

आज तबस्सुमकडून एक गोष्ट कळली आणि डोकं भणभणलं. ती म्हणाली, "मॅडम, मी तपासलं तेव्हा गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडाला. जोरात. औषध पुरतं अंगात असलं तर असा उडत नाही. मी आमच्याकडच्या कुप्यांमधून पुन्हा दिलं, पण फार उशीर झाला होता."

म्हणजे पोरीने दिलंच नाही! नाहीतर काय? दहा कुप्या म्हणजे दहा वेळा काच धरायची, फोडायची, ओढायची, तडफडणाऱ्या बाईला धरून टोचायची. निंगम्माचे हात थरथरले असणार. थोडं दिलं असेल, बाकीचं तिथेच टाकून मोकळी झाली असेल. आणि नोंदवहीत मात्र दहा लिहिलं.

इतकं सोपं करून दिलं तरी! दोन हात आहेत ना गं तुला?

राग येतोय. खरं सांगायचं तर बरंही वाटतंय थोडं, की चूक पुस्तकात नाही. हे लिहिताना स्वतःची लाज वाटली, पण लिहिलं ते खोडत नाही.

१४ मार्च

चौकशी झाली. जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, दोन डॉक्टर, आणि तज्ज्ञ म्हणून मी. निंगम्मा समोर उभी. कोणी बस म्हटलं नाही, मीही नाही.

"किती कुप्या दिल्यास?"

तिने तोंडाने उत्तर दिलंच नाही. दोन्ही पंजे वर केले. मग हळूच, "दहा. पाच इकडे, पाच तिकडे. मॅडमनी शिकवलंय तसं."

"मग बाईचा पाय उडाला कसा?"

"मला नाही माहीत सर. मी दिल्या. कुप्या ठेवल्यात मी डबीत."

साहेब म्हणाले, "रिकाम्या कुप्या काय, इस्पितळामागे पोतंभर मिळतील." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमची विद्यार्थिनी. तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "हुशार आहे पण भित्री आहे. अर्धंमुर्धं दिलं असेल."

माझे शब्द तसेच्या तसे टिपून घेतले. निंगम्माने माझ्याकडे पाहिलं. ओढणीचं टोक तोंडात नव्हतं. तिने ते हातात घट्ट धरलं होतं.

१५ मार्च

झोप नाही. 'अर्धंमुर्धं' हा शब्द कुठून आला माझ्या तोंडात?

३१ मार्च

निंगम्माचं कंत्राट वाढवलं नाही. यल्लव्वाच्या गावात तर बोलतात, सिस्टरने सुई लावलीच नाही, नुसती उभी होती. गेल्या आठवड्यात कोणीतरी तिच्या खोलीच्या दाराला शेण फासलं म्हणे. ती नव्या सिस्टरला कार्यभार देऊन सासरी गेली.

जाताना केंद्रावर येऊन शिपायाकडे एक डबी ठेवून गेली. 'मॅडमना द्या.' मला भेटली नाही. मी आत वर्गावर होते, हाक मारली असती तर आले असते. की नसते आले?

काजूच्या मिठाईची डबी आहे, वरून चिकटपट्टी. हलवली तर काच वाजते. कपाटात ठेवली. साक्षीदार म्हणे!

८ एप्रिल

उगादी. सकाळी कडुनिंब आणि गूळ सगळ्यांना वाटला, नवऱ्याने माझ्या वाट्याचा गूळ पळवला. सुट्टीचा दिवस, म्हणून नव्या आवृत्तीची मुद्रितं घेऊन केंद्रात जाऊन बसले. पान सदतीस आलं आणि पुढे जाईना. शेवटी उठले, कपाट उघडलं, डबी काढली.

दहा कुप्या. नीट मोजल्या, दोनदा. प्रत्येक कुपी चिंधीत गुंडाळलेली, फुटू नये म्हणून. दहाच्या दहा हिरव्या पट्टीच्या.

चष्मा लावला. अक्षरं मुंगीएवढी. औषधाचं नाव तेच. खाली २५ टक्के.

आमची निळ्या पट्टीची ५० टक्क्यांची असते. हिची ताकद निम्मी.

दहाही कुप्या पुन्हा चिंध्यांत गुंडाळून डबीत घातल्या. मग ईरण्णाच्या घरी गेले. सणाचं जेवण सोडून तो बाहेर आला. डबी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"अक्का, मी त्या दिवशी खोकं घेऊन आलो होतो तुमच्याकडे."

"नंतर का नाही सांगितलंस?"

"भांडारातून परिपत्रक लावलं होतं, टक्केवारी बघून वापरा म्हणून. इस्पितळाला जुनाच माल पुरत होता, उपकेंद्रांना नवा गेला. आणि अक्का..." तो चाचरला. "तुमच्या पोरी टक्केवारी बघत नाहीत ना. पंजे बघतात."

पोरीने दहाच्या दहा दिल्या होत्या. एकही कमी नाही. मी सांगितलं तेवढ्या. आणि मी चारचौघांत तिला खोटी ठरवलं. देवा, मी काय करून बसले!

९ एप्रिल

सकाळीच तबस्सुमला डबी दाखवली. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "मॅडम, हे मलाही सुचायला हवं होतं. तो पाय बघूनच." मला वाटलं होतं, सांगितलं होतं ना, असं म्हणेल. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग दोघी साहेबांकडे. मी लेखी नेलं होतं: चूक पुस्तकाची, म्हणजे माझी. निंगम्मा निर्दोष. छपाई थांबवा. सगळ्या उपकेंद्रांतून पुस्तकं परत मागवा.

साहेबांनी कागद वाचला, घडी केली, उलगडला, पुन्हा वाचला. "मॅडम, चौकशी संपली. मंत्र्यांच्या हस्ते प्रकाशन झालंय. आता वर्तमानपत्रात काय छापून येईल, सुचतंय का? नव्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती करा. हिरव्या कुप्या मी आजच परत मागवतो. झालं की."

"आणि निंगम्मा?"

"कंत्राटी होती."

"होती म्हणजे काय सर? अजून जिवंत आहे ती!" माझा आवाज चढला. बाहेरचा कारकून डोकावला.

"तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय," साहेब शांतपणे म्हणाले. "विचार करा."

कागद आवक विभागात दिला, शिक्का मारून पोच घेतली. दुसरी प्रत राजधानीला वरच्या कार्यालयात टपालाने. काय व्हायचं ते होवो. छापखान्यात फोन करून छपाई मी माझ्या जबाबदारीवर थांबवली, तो माणूस ओरडत राहिला.

१२ एप्रिल

निंगम्माच्या सासरी गेले. अंगणात ती शेंगा फोडत बसली होती. मला पाहून उठली, हात पुसले, चटई टाकली. इतकं सगळं होऊनही चटई टाकली.

सासू दारातूनच म्हणाली, "या या! आता काय नेता? नोकरी नेली, अब्रू नेली, उंबरठा राहिलाय तेवढा."

मी सगळं सांगितलं. कुप्यांचं, पट्टीचं, ईरण्णाचं, माझं. काही लपवलं नाही. म्हटलं, तू बरोबर होतीस, मी चूक होते, मला माफ कर. तिने मान खाली घातलेली.

"मॅडम, महिनाभर मी रोज आठवून बघते आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणजे मी खरंच कमी दिल्या असतील. सातच फोडल्या असतील, बाकीच्या सांडल्या असतील. आता तर मला तसंच दिसायला लागलं होतं. सात."

"दहा होत्या गं. मी मोजल्या."

"हो ना?" ती पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तिला अजून दहा दिल्या असत्या तर ती वाचली असती का?"

मी तिच्यापुढच्या शेंगा फोडायला घेतल्या.

निघताना म्हटलं, वरती लिहिलंय, तुला परत घेतील. ती म्हणाली, "नको मॅडम. सुई हातात धरली की ती दिसेल. पण गावात कोणी सांगेल का, की मी दिल्या होत्या?"

१४ एप्रिल

हुल्लीकेरीत यल्लव्वाच्या आईकडे जाऊन सांगून आले. चावडीसमोर, चार माणसांत. म्हटलं, सिस्टरने दिल्या होत्या, माझं पुस्तक चुकलं. एकाने विचारलं, "म्हणजे तुम्ही मारलंत?" मी नाही म्हटलं नाही.

आईने फक्त इतकंच विचारलं, "पुस्तक बघून मारतात होय?"

२२ एप्रिल

वरून उत्तर नाही. साहेबांकडून मात्र आलं: परवानगीशिवाय पत्रव्यवहार केल्याबद्दल खुलासा द्या. देईन सावकाश.

रजा टाकली आहे. बहात्तर उपकेंद्रं. पिशवीत लाल शाई, डिंक आणि तबस्सुमने लिहून दिलेल्या चिठ्ठ्या: 'दहा ग्रॅम. कुपीवर ५० टक्के वाचलंत तरच दहा कुप्या. दुसरा आकडा दिसला तर आधी फोन.' खाली तिचा नंबर. बसने, टमटमने, एकदा ट्रॅक्टरवर बसून. जाते, खिळ्यावरचं पुस्तक उतरवते, पान सदतीसवर दोन लाल रेघा मारते, चिठ्ठी चिकटवते. पोरी बघत राहतात. एक म्हणाली, "मॅडम, चित्र किती छान होतं, कशाला बिघडवताय?"

आज सव्वीस झाली. दोन ठिकाणी खोक्याच्या तळाशी हिरव्या कुप्या अजून सापडल्या. परत मागवल्या होत्या म्हणे!

२७ एप्रिल

हुल्लीकेरीचं उपकेंद्र मुद्दाम मागे ठेवलं होतं. आज गेले. नवी सिस्टर रेणुका, बावीस वर्षांची, अजून गणवेशाची घडी मोडायची आहे. बाहेर बाकावर पाच-सहा गरोदर बायका मंडक्की, म्हणजे चुरमुरे, खात बसलेल्या. निंगम्माने चुन्याने रंगवलेली भिंत, निंगम्माने ठोकलेला खिळा, त्याला माझं पुस्तक. पानाचे कोपरे मऊ झालेले. इतकं वापरलेलं पुस्तक मी आजवर फिरले तिथे कुठेच पाहिलं नाही.

रेघा मारल्या. चिठ्ठी चिकटवली. रेणुकाला कुपी हातात देऊन शिकवलं, अर्धा तास. तिने टक्केवारी वाचून दाखवली, दहा ग्रॅम तीनदा म्हटलं, फोन नंबर तोंडपाठ केला. हुशार पोरगी. मग चहा आणला.

म्हटलं, "हे पान आधी कोणी शिकवलं होतं का?"

"निंगम्मक्कांनी. कार्यभार देताना म्हणाल्या, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नको. रडत होत्या हो, तरी दोन तास घोकून घेतलं माझ्याकडून."

चहाचा कप खाली ठेवला आणि मी एकदम ओरडले, वर्गात ओरडते तशी, "सिस्टर, बाईला झटका आला!"

रेणुका ताडकन उठली. तिचं तोंड उघडायच्या आत दोन्ही पंजे वर गेले, दहाही बोटं ताठ.

बाहेर बाकावरच्या बायका कौतुकाने हसल्या. एकजण शेजारणीला म्हणाली, "बघ, ही सिस्टर घाबरत नाही."